काउंटरवरचा उशीर

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, व्यासपीठावरील भागीदार मंडळी, काउंटर सांभाळणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, तसेच रक्त काढणाऱ्या आपल्या मावशी आणि सहकारी मित्रहो,

कॉलेज अर्ध्यावर सोडून लॅबचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाच्या हाती आपण माइक दिलात, हा आपला मोठेपणा. त्याला सगळे 'मिरची' म्हणतात हे ठाऊक असूनही दिलात, हे धाडस.

पूर्वी काउंटरवर एक जुना खटारा कॉम्प्युटर होता. नाव, वय, तपासणी लिहिली की समोरच्याने बाही वर सारेपर्यंत पावती तयार. मग चौपट वेगाचा आला. मग त्याहून वेगाचा. तरी उशीर वाढतच का गेला? अहो, घोडा तगडा दिसला की ओझं वाढवतात. आताचा प्रोग्राम आधी शुभेच्छा देतो, चित्रं नाचवतो, स्वतःची डागडुजी करतो आणि सवड मिळाली तर पेशंटचं नाव विचारतो. नाकापेक्षा मोती जड.

रांग काही कॉम्प्युटरला बोलत नाही. एक आजोबा काउंटरवर बसलेल्या यांना, म्हणजे आजच्या सत्कारमूर्तींना, म्हणाले, "पोरी, उपाशीपोटी आलोय, जरा बोटं चालव की." यांनी हसून माफी मागितली. बोटांचं काम केव्हाच झालं होतं. पडद्यावर चक्र फिरत होतं.

पुढचं ऐका. हाच प्रोग्राम कर्मचाऱ्याचा वेगही मोजतो. त्या मोजणीने आणखी रखडतो आणि तो उशीर माणसाच्या नावावर टाकतो. त्याने यांना 'मंद' ठरवलं. आपण ते मानलं, समज दिली. यांनी राजीनामा दिला. आज आपण पुष्पगुच्छ देतो आहोत.

मी तावातावाने केबिनमध्ये गेलो होतो. जुनाच प्रोग्राम परत बसवा म्हटलं. डॉक्टरसाहेब शांतपणे म्हणाले, "अरे, मागे कसं जायचं?" मी दार आपटून बाहेर आलो. दारं आपटून काही होत नाही, हे कॉलेज सोडतानाच कळायला हवं होतं.

उद्यापासून त्या खुर्चीवर मला बसायचं आहे. म्हणजे लवकरच मीही मंद ठरणार.

इथे सगळे यांना ताई म्हणतात. मी कधीच म्हटलं नाही. का, ते मावशींना ठाऊक आहे. बघा, त्या आत्ताही पदराआड हसताहेत.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. तिखट शब्द कुणाला झोंबले असतील तर लहान समजून पोटात घाला. यांना मात्र एवढंच सांगतो: तुम्हाला सगळे 'लवकर करा' म्हणत राहिले, आणि मला 'जाऊ नका' म्हणायला आजचा दिवस उजाडला. त्या उशिराचं खापर कुठल्याही कॉम्प्युटरवर फोडता येणार नाही.

नमस्कार.