चौथ्या खोलीची घरपट्टी

नवसाबाई: ते सगळं ऱ्हाऊ द्या बाजूला. आज सभेत हात वर करणार का नाय, येवढं सांगा.

कोंडाजी: हात मोकळा कुठं हाये? झेंडूत गुंतलाय. दुपारच्या गाडीनं दोन क्रेट नाशकाला गेले पायजेत, आन हिला हात पायजे.

सुवर्णा: मामा, झेंडावंदन झालं की लगेच ग्रामसभा आहे. शाळेच्या खोल्यांचा विषय पहिलाच घेणार आहेत.

कोंडाजी: सूनबाई, विषय मला पाठ हाये. जिल्हा परिषद म्हणती, पाचवी ते सातवीचे वर्ग देतो, पण खोल्यांचा निम्मा खर्च गावानं घाला. पंचायतीच्या पेटीत उंदीर नाचतेत. मंग पंचायत कर्ज काढणार, आन ते फेडायला धा वर्सं सगळ्यांची घरपट्टी दीडपट. बरोबर का नाय?

सुवर्णा: बरोबर. आणि कर्ज फिटलं की पट्टी परत खाली येणार.

कोंडाजी: वर गेलेली पट्टी खाली आलेली तू कुठं पाहिलीस? सिन्नरला?

नवसाबाई: सिन्नरचं नाव काढू नका. जूनमधी आपली दीपी तिकडंच जाणार हाये.

कोंडाजी: कोण म्हणतं?

सुवर्णा: मी म्हणते. चौथी झाली की पुढं तिला शाळा कुठं आहे इथं? गिरणाऱ्याला जायचं तर जीपच्या मागं लटकून. रावजींची पोरगी गेली तशी महिनाभर, मग घरी बसली ती बसलीच. आता शेवंती खुडते. माझ्या मुलीचं तसं व्हायला नको. माझ्या माहेरी अण्णांकडे राहील आणि शिकेल.

कोंडाजी: आन संध्याकाळी मला पेपर कोण वाचून दाखवणार?

नवसाबाई: मळ्याशेजारचा काळू दाखवील. त्याच्याच नादानं चाललंय ना तुमचं.

कोंडाजी: काळूचं काय चुकलं? त्याचं माडीचं घर, माझं पक्कं घर. मातीच्या घराला पट्टी चिमूटभर, ती दीडपट झाली तरी चिमूटभरच. कुसाबाईला कळणार बी नाय कधी वाढली ते. खरं भरायचं आमी. त्यात माझ्या चार खोल्या.

नवसाबाई: तीन.

कोंडाजी: पंचायतीत चार लागल्यात.

नवसाबाई: चौथीत बैल बांधलेत.

कोंडाजी: हळू बोल.

नवसाबाई: हळू कशाला? सुवर्णा रोज त्याच खोलीचं शेण काढती. तिला ठावं नाय व्हय?

सुवर्णा: शेणाचं ठाऊक आहे, आत्या. पण गोठ्याला पक्क्या घराची पट्टी कशी लागली, ते मला अजून कुणी सांगितलं नाही.

नवसाबाई: तुझ्यामुळं लागली. मागच्या कुंभमेळ्याच्या साली झेंडूला कधी नाय असा भाव आला, तवा ह्यांनी तीन खोल्या बांधल्या. सिमिट उरलं. तुझ्या घरची माणसं घर बघायला येणार म्हणून ह्यांनी गोठ्याला म्होरून गिलावा केला, दार बसवलं, खिडकी बसवली, निळा रंग दिला. बैल नेऊन बांधले काळूच्या मळ्यात.

कोंडाजी: पोराचं लगीन व्हतं. चार खोल्यांचं घर जरा शोभून दिसतं.

नवसाबाई: आन नेमका त्याच दिवशी ग्रामसेवक टेप घेऊन घरं मोजायला हजर. तुझे अण्णा ओट्यावर चहा पेतेत, आन तो भल्या मोठ्या आवाजात इचारतो, कोंडाजी, हे काय लिव्हू, गोठा का खोली?

कोंडाजी: मंग काय म्हणायचं व्हतं मी? सोयऱ्यांच्या म्होरं?

नवसाबाई: म्हणले, खोली. पक्की. लिव्ह. तवापासून आपले बैल घरपट्टी भरतेत.

कोंडाजी: हसा, दोघी बी हसा. पण आज मी तेच मांडणार हाये. उठून सांगणार, आधी माझा गोठा गोठा म्हणून लावा, मंग दीडपटीचं बोला. काळूनंच सुचवलं. एकानं कुरकुर काढली की धा जण आपापली काढतेत, आन विषय जातो पुढच्या सभेला.

सुवर्णा: आणि पुढची सभा एक मेला. तोवर वर्गाची मंजुरी दुसऱ्या गावाला जाते. जूनमध्ये दीपमाला सिन्नरला.

कोंडाजी: तसं नाय माझ्या मनात. मला फकस्त माझी पट्टी सरळ करून घ्यायची हाये.

सुवर्णा: मग खुशाल सांगा, मामा. आमच्याकडून लपवायची काही गरज नाही. अण्णांना त्याच दिवशी कळलं होतं.

कोंडाजी: काय कळलं व्हतं?

सुवर्णा: तुमचा एक बैल मळ्यातून दावं तोडून घरी आला. सरळ त्या खोलीत शिरला आणि खिडकीतून तोंड बाहेर काढून उभा राहिला. अण्णा समोरच बसले होते.

नवसाबाई: पाखऱ्या. लय घरवेडा व्हता. पण मी लगीच खिडकीवर लुगडं टाकलं व्हतं. मला वाटलं कुणी पाहिलं नाय.

सुवर्णा: तो लुगडं चघळायला लागला, म्हणून तर अण्णांनी मान फिरवली. घरी येऊन आईला सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं. अजून सांगतात.

कोंडाजी: आन मी येवढी वर्सं त्यांच्या म्होरं पागोटं सावरत बसतोय. मंग पोरगी दिली कशी त्यांनी?

सुवर्णा: त्यांनी तुम्हाला एकच गोष्ट विचारली होती. खोल्यांची नव्हती ती.

कोंडाजी: मला नाय आठवत.

नवसाबाई: मला आठवतं. इचारलं, गावात शाळा कितवीपत्तुर हाये.

सुवर्णा: आणि तुम्ही म्हणालात, सातवीपर्यंत.

कोंडाजी: तवाचा सरपंच म्हणला व्हता, औंदा येणार हाये म्हणून.

सुवर्णा: म्हणाला असेल. अण्णा सिन्नरला राहायला गेले ते नंतर; माझ्या वेळी आमच्या वस्तीवर शाळा चौथीपर्यंतच होती. मला पुढं शिकायचं होतं, लई रडले मी, पण दूर धाडायला घरात कुणाचा धीर झाला नाही. अण्णांना ते कायम लागून राहिलं. तुमच्याकडून परतताना आईला म्हणाले, बैल घरात राहोत नाहीतर माडीवर राहोत, सुवर्णाच्या पोरींना शाळेसाठी रडावं लागणार नाही. त्या एका शब्दावर मी या घरात आले, मामा.

कोंडाजी: हे आजवर बोलली नाहीस तू.

सुवर्णा: कशाला बोलायचं? तुम्ही दोघांनी मला काही कमी केलं नाही. मी सुखात आहे इथं. आज दीपमालेचा प्रश्न आला, म्हणून तोंडातून निघालं.

नवसाबाई: शाळेची घंटा झाली. उठा. टोपी घाला.

कोंडाजी: फुलं?

नवसाबाई: फुलं कुठं पळून जात नायत.

(ग्रामसभा उठल्यावर. तिघं शाळेकडून घराच्या वाटेला लागले आहेत.)

नवसाबाई: जरा हळू चला की. कुणी मागं लागलंय का?

कोंडाजी: काळू लागलाय. मळ्याच्या पाण्याची पाळी त्याच्याशीच हाये माझी. आता महिनाभर फुगून बसंल.

नवसाबाई: तुमी उठून म्हणलात ना, मला माझ्या घराबद्दल बोलायचंय, तवा त्याचं तोंड असं फुललं. आन मला वाटलं, निघाला आता गोठा.

सुवर्णा: मी तर पदर दातात धरून बसले होते. त्याआधी हात मोजले तेव्हा कमीच भरत होते.

कोंडाजी: मी काय वेगळं बोललो? म्हणलं, माझं घर चार खोल्यांचं. चारी पक्क्या. चारींची दीडपट पट्टी मी भरतो. ज्याला आपली जड वाटती, त्यानं उभं ऱ्हाऊन सांगावं.

नवसाबाई: कोण उभं ऱ्हाणार? तुमच्या चौथ्या खोलीत कोण निजतं ते अख्ख्या गावाला ठावं हाये. बैलांची पट्टी भरायला एक माणूस तयार, मंग माणसांची भरायला कुरकुर कशी करायची? कुसाबाईनं पयला हात वर केला, मंग सावळीरामनं, मंग बाया, मंग मोजायलाच वेळ लागला.

सुवर्णा: काळूंनीसुद्धा केला शेवटी.

कोंडाजी: केला, पण खांद्याच्या वर नाय गेला.

सुवर्णा: मामा, ग्रामसेवक मला म्हणाले, सासऱ्यांना सांगा अर्ज द्यायला. पुढच्या वर्षी गोठा म्हणून लावून देतो, पट्टी बरीच उतरेल.

कोंडाजी: मला बी म्हणला तो. मी नको म्हणलं. शाळेचं कर्ज फिटेपत्तुर ती खोलीच हाये. येत्या श्रावणात पुन्हा कुंभमेळा हाये, झेंडू बघून घेईल.

नवसाबाई: झेंडूवरनं आठवलं. गाडी गेली असंल की हो. दोन क्रेट तसेच पडलेत ओट्यावर.

कोंडाजी: पडू दे. माळा करू त्यांच्या. मारुतीच्या देवळाला बांधा, जूनपासून पाचवीचा वर्ग तिथंच बसणार हाये, खोल्या हुईपत्तुर. मारुतीला बी कळू दे, भाडेकरू वाढलेत.

नवसाबाई: आन दीपीनं सिन्नरला न्यायची पिशवी कवाच भरून ठेवलीय. रोज त्यात एक नवी वस्तू घालती.

कोंडाजी: रिकामी कर म्हणावं. माझा चष्म्याचा डबा बी तिच्यातच असंल, मी दोन दिस हुडकतोय.

सुवर्णा: तो तिनं मुद्दाम घेतलाय. म्हणत होती, आजोबांची आठवण म्हणून नेते.

कोंडाजी: मला न विचारता.

नवसाबाई: डोळे पुसा. रस्त्यात लोक हायेत.

कोंडाजी: धूळ गेली. जीप गेली ना आत्ता. सुवर्णा, चौकात एसटीडीवाला उघडा दिसतोय. तुझ्या अण्णांना फोन लाव.

सुवर्णा: आत्ता? काय सांगू?

कोंडाजी: सांग, दीपी इथंच शिकणार हाये. आन म्हणावं, मामा त्या दिवशी खोटं नव्हते बोलले. जरा लवकर बोलले व्हते.