बत्तीस गडी, दोन आकडे

गुरुलिंग : न्हाई म्हणलं की न्हाई, मंजुश्री. सर्व्हरच्या आतलं बाहेरच्या मॉड्यूलला दाखवायचं न्हाई.

मंजुश्री : काका, नांदेडहून पहाटेची गाडी पकडून आले मी. अकराला सौदा निघतो, सारा जिल्हा एकदम सोयाबीनचा भाव बघायला येतो आणि आपली साईट मान टाकते. आजही टाकली तर बाजार समिती काम काढून घेणार. तुमचंही, माझंही.

गुरुलिंग : ठावं हाय.

मंजुश्री : मग? गर्दी झाली की माझं मॉड्यूल फोटो-जाहिराती गाळून नुसता भाव देतं. पण गर्दी झाली हे त्याला कळायला नको? एका वेळी एकेका माणसाला भाव देणारे तुमच्या सर्व्हरचे बत्तीस गडी कामात आहेत की मोकळे, ते आत फळ्यावर असतंच. तेवढा फळा बघू द्या.

गुरुलिंग : गेल्या हंगामात दाखवला होता की. काय केलंस?

मंजुश्री : …बाजारातल्या टीव्हीवर लावला.

गुरुलिंग : अख्खा! कोणता गडी कुणाचं काम करून राहिला, नावासकट. दरसाल इथंच माल घालणारे बसवंतअप्पा उदगीरचा भाव बघून राहिले, हे त्यांच्याच अडत्यानं चहा पिता पिता वाचलं. वीस वर्षांचा घरोबा, महिनाभर बोलला न्हाई तो.

मंजुश्री : मला वाटलं, लोकांना गंमत वाटेल.

गुरुलिंग : वाटली की. बसवंतअप्पा सोडून समद्यांना.

मंजुश्री : हसू नका ना! नावं नकोतच मला. कामात किती, मोकळे किती. दोन आकडे.

गुरुलिंग : दोनच?

मंजुश्री : बसवण्णाची शपथ.

गुरुलिंग : मग फळा न्हाई, खिडकी देतो. मॉड्यूलनं खिडकीत विचारायचं, आतून आकडा मिळंल. हात आत घालायचा न्हाई.

मंजुश्री : चालेल. पण लिहायला किती वेळ? दहा वाजून गेलेत.

गुरुलिंग : परवाच लिहून ठेवलीय.

मंजुश्री : आणि सकाळपासून भांडून राहिलात माझ्याशी?

गुरुलिंग : तू काय मागतीस, ते बघत होतो.

(अकरा वाजून दोन मिनिटं.)

मॉड्यूल : कामात ९. मोकळे २३.

मॉड्यूल : कामात ३१. मोकळे १.

मंजुश्री : काका!

गुरुलिंग : वरडू नको. फोटो गाळले का त्यानं?

मंजुश्री : गाळले. आपणहून.

मॉड्यूल : कामात २२. मोकळे १०.

गुरुलिंग : टिकली गं. लई ब्येस.

मॉड्यूल : कामात १. मोकळे ३१.

मंजुश्री : हा एक मघापासून हलेना. जोडणी तोडता का त्याची?

गुरुलिंग : कोण हाय, दिसतं का तुला?

मंजुश्री : नाही. तुम्हाला दिसतं की.

गुरुलिंग : दिसतं. बघत न्हाई. रेंज नसंल त्याच्या रानात. घेऊ दे सावकाश.

मॉड्यूल : कामात १. मोकळे ३१.

मॉड्यूल : कामात १. मोकळे ३१.

मॉड्यूल : कामात ०. मोकळे ३२.

मंजुश्री : मिळाला भाव त्याला.