एक, दोन, चार, पाच

...पहिल्या दिवशी ते मशीन तीन नंबरपाशी निदान घुटमळलं तरी होतं, असं मला आठवतं. पण माझ्या आठवणीवर आताशा माझाच भरवसा नाही, तर तुम्ही कशाला ठेवताय? कदाचित घुटमळलंही नसेल. पाच सीड्यांचं मशीन हो, गोल थाळा, त्यात पाच खळगे. बटण दाबलं की एक वाजायची, दोन वाजायची, मग थाळा फिरायचा, आत कुर्र... कुर्र... खट्! आणि खिडकीत हिरवा आकडा... चार! अरे, तीन कुठे गेला? पुन्हा दाबा. एक, दोन, चार, पाच!

आणि तीनमध्ये कोण होतं? आमची ही!

म्हणजे हिचा आवाज. घशाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "जीव वाचेल, आवाज जाईल." कसं म्हणाले? चहा आहे, साखर संपलीय, असं म्हणावं तसं! आदल्या दुपारी मी हिला कॉम्प्युटरपुढे बसवलं, हातात माइक दिला, म्हटलं, बोल. तर एकेचाळीस वर्षं मला एक वाक्य पुरं करू न देणारी बाई, तुम्हाला सांगतो, म्हणते, "काय बोलू?" मग सुटली! लेकीला हाका मारल्या, गॅसवाल्याची नक्कल केली, मला झापलं, मधेच हसली. सतरा मिनिटं. मी स्वतः पुस्तकात बघून बघून त्याची सीडी केली आणि कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून टाकलं. का? तर एक वस्तू दोन ठिकाणी असू नये, हे माझं तत्त्व! जाळा ते तत्त्व.

ऑपरेशननंतर ही पाटीवर लिहायची. एक दिवस पाटी माझ्या नाकापुढे धरली, "अहो, माझा आवाज कसा होता? मला आठवतच नाहीये." आता मी डॉक्टरेट, पस्तीस वर्षं कॉलेजात बोलून पोट भरलेलं, आणि मला काय सुचावं? "चांगला होता." चांगला! तिने माझ्याकडे बघितलं, पाटी पुसली, लिहिलं, "लावा."

लावलं. एक, दोन, चार, पाच.

मग काय, कंबर कसली! मशीनचं माहितीपुस्तक पाठ केलं. मशीनखाली वह्या सरकवून ते समपातळीत आणलं. फुंकर मारली. थापट्या मारल्या. दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. तो झाकण उघडून म्हणतो, "सर, बेल्ट सैल झालाय." बेल्ट बदलला. पुढच्या आठवड्यात म्हणतो, "सर, भिंग खराब आहे." भिंग बदललं. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणतो, "सर, तुमच्या घरात धूळ फार." ही मागे कमरेवर हात ठेवून उभी! तो बिचारा तीन नंबरची सीडी उचलायला गेला, तर मी त्याचं मनगटच धरलं. म्हटलं, बाकी मशीनचे तुकडे कर, तिला हात लावायचा नाही!

लेकीचा फोन. "बाबा, तीनमधली काढून एकमध्ये घाला ना! सीडी बिघडलीय की मशीन, एका मिनिटात कळेल."

"आणि काढताना ओरखडा पडला तर?"

"बाबा, तुम्ही मुलांना प्रयोग शिकवायचात ना?"

शिकवायचो! दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचो, 'एका वेळी एकच गोष्ट बदला.' आणि इथे मी सगळं बदललं, ती एक गोष्ट सोडून. ओरखड्याचं निमित्त हो. मशीन बिघडलं असेल तर दुरुस्त होतं. सीडी बिघडली असेल तर... तर काय करायचं, सांगा ना?

तीन महिने. रोज संध्याकाळी ही खुर्ची ओढून मशीनपुढे बसायची, आणि मी बटण दाबायचो. एक, दोन, चार, पाच. शेवटी तिने लिहिलं, "राहू द्या. तुम्हीच नक्कल करून दाखवा." केली! "अहो, टॉवेल गादीवर कोणी टाकला?" असं बारीक आवाजात म्हटलं. ती हसली. आवाज नाही, नुसते खांदे गदगदत होते. मग लिहिलं, "साफ चूक."

त्यानंतर ती जेमतेम सहा आठवडे होती. घसा बरा झाला होता. दुखणं दुसरीकडे सरकलं. ऐकायचं राहिलं ते राहिलंच.

सात वर्षांनी घर आवरताना लेकीने मला न विचारता ती सीडी उचलली आणि स्वतःच्या घरी नेली. रात्री फोन. "बाबा, आई आहे. सतराच्या सतरा मिनिटं." मग हळूच म्हणाली, "बाबा, सीडी केली की शेवटी ती बंद करावी लागते. नाही केली तर कॉम्प्युटरला वाचता येते, पण साध्या मशीनला दिसतच नाही, ते सरळ पुढे जातं. तुम्हाला कॉम्प्युटरने विचारलं असेल बघा."

विचारलं होतं हो! एवढं मात्र मला लख्ख आठवतं. "बंद करू का? यानंतर यात काहीही भरता येणार नाही." ही शेजारीच बसली होती, अजून बोलत होती. मी "नको" दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोग केला. दोन नंबरची सीडी काढली, तीनमध्ये घातली, बटण दाबलं. सुरेख वाजली. मशीनला कधी काही झालेलंच नव्हतं.