नऊ आणि आप्पा

हॅलो?… हॅलो, अलिबाग ना?… हझानसाहेब बोलतात, सिनेगॉगात प्रार्थना सांगतात ते?… नमस्कार. म्हणजे शालोम. आधी शालोम म्हणायचं, नाही का.

हे बघा, मी आता जे सांगणार आहे त्यावर रत्नागिरीत कुणी विश्वास ठेवत नाही. अलिबागेत कोण ठेवणार. तरी सांगतो. मी इस्रायल आहे.

… देश नव्हे हो. माणूस. तुमच्या बेने इस्रायल ज्यू लोकांतला.

… आप्पा शिवलकर. पावसचा. आंब्याची कलमं बांधतो… हो, शिवलकर कधी इस्रायल नसतात हे मला ठाऊक आहे, त्र्याहत्तर वर्षं शिवलकरच आहे मी. म्हणून तर फोन करावा लागला.

ऐका ना. तुमचे बन्यामीन रोहेकर… हो, तेच, बंदरावर नोकरीला होते ते. त्यांच्या अंगणातून बोलतोय. त्यांच्या राहेलबाईंना जाऊन आज वर्ष झालं… हो, फार चांगली बाई. तर बन्याला तिच्यासाठी कद्दीश म्हणायचाय. आणि तुमचा नियम, दहा इस्रायली पुरुष जमल्याशिवाय ती प्रार्थना तोंडातून काढायची नाही. बरोबर?… तर आत नऊ आहेत.

… मोजले हो. तीनदा मोजले. एकाला तर दोनदा धरून पाहिलं, तरी नऊच.

दहावा पनवेलचा शमुवेल. हातखंब्याला टँकर आडवा पडलाय, त्याच्यामागं याची गाडी अडकलीय. आणि ऊन आता माडाच्या शेंड्याला टेकलंय. सूर्य बुडायच्या आत व्हायला हवं ना?… तेच तर. बन्या सकाळपासून टोपी घालून बसलाय, कुणाशी बोलत नाही. मुलगा तिकडे इस्रायलात, अश्दोदला, त्याला रजा नाही. प्रार्थनेनंतरच्या मलिद्याचे पोहे भिजून भिजून परातीबाहेर यायला लागलेत.

तर माझं म्हणणं, मला धरा.

… हसताय काय?… बरं, हसून घ्या. झालं?

आता पुरावा ऐका. माझा पणजोबा भागोजी. त्यानं रेवदंड्याला तुमच्या लोकांकडून घाण्याचा एक बैल विकत घेतला. पांढरा, उजवं शिंग जरा आत वळलेलं. आता हा बैल तुमचा शनिवार पाळायचा; शुक्रवारी ऊन उतरलं की मांडी घालून बसायचा. मारा, ओढा, शेपूट पिळा, उठायचं नाव नाही. शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की आपण होऊन उभा. पणजोबा अजून मान वर करून चांदण्या शोधतोय, तोवर बैल मोजून मोकळा.

… थांबा, पुढं आहे. तुम्हाला खेकडे-कोळंबी वर्ज्य, तशी त्यालाही; घरात खेकड्याचं कालवण शिजलं की तो दावं तोडायचा. शेवटी पणजोबानं खेकडे सोडले. मग कोळंबी सोडली. मग शनिवारचा घाणा बंद. पुढं बैल म्हातारा होऊन मेला, पण तोवर आमचं घर पुरतं इस्रायल झालं होतं.

… धर्मात कुणी घेतलं म्हणजे? बैलानं.

… साक्षीदार? दोन म्हशी होत्या.

अहो, बैल म्हणून हिणवू नका. शनिवारच्या आज्ञेत बैलाला सुट्टी आहे की नाही?… आहे. आणि त्याच दमात, दाराआत राहणाऱ्या परक्यालाही आहे की नाही?… गुरांच्या नंतर आहे, मान्य. पण यादीत आहे ना?… सुट्टी मिळाली म्हणजे सभासद होत नाही? हे काय सोसायटीचं कार्यालय आहे?

बरं, बैल राहू दे. रूथ घ्या. मवाबातली बाई, अगदी परकी. नवरा गेला तरी सासूला सोडलं नाही. म्हणाली, तुझी माणसं ती माझी माणसं, तू मरशील तिथं मी मरेन. तिला कुणी फॉर्म भरायला लावला?… काय?… मवाबी माणसाला दहा पिढ्या सभेत घ्यायचं नाही असा नियम आहे? तो नियम असताना तिचा पणतू दाऊद राजा कसा झाला? म्हणजे पणजीला दारात चप्पल काढून उभं करायचं आणि पणतवाला गादीवर बसवायचं. हा हिशेब मला समजावून सांगा.

… तो नियम फक्त पुरुषांना, बायकांची गोष्ट वेगळी? का वेगळी?… बरं, बरं. तिकडे येतो मी. मला घाई करू नका.

एक मिनिट हां, हझानसाहेब…

अरे शमुवेल, आलास का रे बाबा. टँकर हलवला?… बरं झालं. जा, पाय धू, आत बस. बन्याला सांग, मी आलोच. कामाचा फोन आहे.

… हॅलो. हो, बोला… कोण आलं? कुणी नाही. बाळा आलाय, माड चढणारा. नारळ पाडायला सांगितले होते.

… नाही, नाही. अजून नऊच. हातखंब्याचं काय खरं नसतं.

हां, तर आता शास्त्रातलं पक्कं वचन काढतो. बन्याची मराठी पोथी माझ्या हातात आहे, चष्माही लावलाय. मिसर देश सोडायच्या वेळचं, वल्हांडणाचं जेवण, त्याचा नियम. परक्याला त्या जेवणात बसायचं असेल तर बसावं, आणि मग तो जन्मानं त्याच भूमीतला समजावा. संपलं. जन्मानं त्याच भूमीतला. याहून जास्त काय लिहून द्यायचं?

… मधलं वाक्य?… मधल्या वाक्याला वाळवी लागलीय.

… तुम्हाला पाठ आहे. असणारच.

… हो. सुंता. कळला मला शब्द, मोठ्यानं नका म्हणू, तुमच्याकडे वहिनी ऐकत असतील.

… हे बघा, ऑपरेशन माझं झालेलं आहे. सरकारी दवाखान्यात, टाके घालून. कागद आहेत… हर्नियाचं. पण तालुका तोच… गाव वेगळं, ते मान्य.

बरं, ते जाऊ दे. माझ्या धंद्यातलं सांगतो, त्यात तुम्ही मला हरवू शकत नाही. मी रायवळ आंब्याचं रोप घेतो. रानटी, आंबटढाण, कुठल्या कोयीतून आलं कुणाला ठाऊक. त्यावर हापूसची काडी बांधतो. पहिल्या वर्षी सांधा दिसतो, दोन वर्षांनी बोट फिरवलं तरी लागत नाही. पुढं फळ धरलं की जगानं त्याला हापूस म्हणायचं. बाजारात कुणी खाली वाकून मुळाला विचारतं का, बाबा तू कुठला?… नाही विचारत. मग मी म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी या घराला बांधलेलं कलम. सांधा दाखवा मला. आहे हिंमत?

… काय?… हो, बांधायच्या आधी रोपाचा शेंडा छाटावा लागतो.

… चाकूनं. चांगली धार लागते.

… हसा. माझ्याच चाकूनं मला कापलंत.

… कशासाठी म्हणजे? सांगितलं ना, दहावा नाही म्हणून… खरं कारण? हेच खरं आहे.

… बरं. सांगतो. पण बन्याला कळवू नका.

चाळीस वर्षं शुक्रवारी मी इथं जेवलो. राहेलबाई दिवे लावायच्या, आणि पोरांना सांगायच्या, आप्पा आल्याशिवाय पाव तोडायचा नाही. एकदा मी मुद्दाम दोन तास उशिरा आलो, बघायला. सगळे उपाशी बसलेले. शिव्या घातल्या मला तिनं, तुमच्या शास्त्रात बसणार नाहीत अशा.

ती गेली तेव्हा मी खांदा द्यायला पुढं झालो. कुणीतरी माझा हात बाजूला केला. म्हणाला, राहू द्या काका, आमची माणसं आहेत. … नाही, नाही, उद्धटपणा नव्हता त्यात. चांगला मुलगा. त्यानंच मग मला पाणी आणून दिलं. पण ‘आमची माणसं’ एवढं वर्षभर कानात आहे. कलम बांधताना आहे, जेवताना आहे.

म्हणून म्हणतो, एकदाच धरा. आजच्यापुरतं. उद्या पुन्हा शिवलकर होतो. वाटलं तर आताच शिमग्यातली सगळी मानाची कामं सोडून देतो, तुमच्यासमोर, फोनवर. एकदा कुणीतरी मोजताना आप्पाला मोजू दे. नऊ आणि आप्पा, दहा. तिच्यासाठी.

… हॅलो?… हझानसाहेब?

… आमेन? आमेन कशाला म्हणताय, तुम्ही अजून हो कुठं म्हणालात.

… माझ्या मागं? मागं काय ऐकू येतंय?… ते होय. बन्या काहीतरी म्हणतोय. जुनं गाणं असेल.

… बाकीचे? बाकीचे खोकतायत. पोह्यात वेलची जास्त झालीय.

… परत आमेन.

… काय म्हणालात?… हे गाणं नव्हे, हा कद्दीश आहे. आणि आत दहा पुरुष असल्याशिवाय तो कुणी सुरूच करणार नाही. म्हणजे आमचा दहावा केव्हाच आलाय, आणि मी तुम्हाला सरळ सरळ खोटं सांगतोय, असं म्हणताय?

… होय.

… मघाशीच आला. माड चढणारा बाळा नव्हता तो.

… दहा. पुरे दहा.

… मी? मी बाहेर आहे. विहिरीपाशी.