निवलेली काच

धाकटा: ...म्हणून म्हणतो वहिनी, उद्या पडद्यावर लेझरच्या कड्या दाखवायला मला उभं करू नका.

वहिनी: प्रयोगशाळेला तुमच्या भावाचं नाव लागतंय भाऊजी. मग दुसऱ्या कुणाला उभं करू? पाटी ठोकणाऱ्याला?

धाकटा: कड्या खोट्या आहेत.

वहिनी: मघाशी मी स्वतः पाहिल्या. लेझरचा ठिपका पसरून चांगल्या गोल कड्या झाल्या होत्या. जन्मात पहिल्यांदा तुमच्या हातून आल्या आणि लगेच खोट्या?

धाकटा: आल्या, कारण आज मी घाई केली. हॉटप्लेटवर काचेच्या स्लाइडमध्ये दादाचा लिक्विड क्रिस्टल भरला आणि ती गरमच लेझरखाली धरली. ती निवत गेली तशा कड्याही एकेक करून गेल्या.

वहिनी: बरं, मग?

धाकटा: मग काय. दादा जन्मभर सांगत आला की हा लिक्विड क्रिस्टल मऊ आहे, नुसत्या उजेडाने त्याचे रेणू वळतात, म्हणून त्याचा अपवर्तनांक, उजेड वाकवायची ताकद, एवढा बदलतो की कड्या उठतात. मऊ कसला, चांगला ताठ आहे. थंड असताना उजेडाला दाद देत नाही. पण एका तापमानाला त्याची सगळी शिस्त मोडते. त्या तापमानाजवळ नेऊन ठेवला, की लेझरची जराशी ऊबही पुरते. रेणू वळत नाहीत, विस्कटतात. दुपारी लेझर न लावता नुसता तापवून पाहिला. अपवर्तनांक तेवढाच बदलला.

वहिनी: उजेडाने काय नि उष्णतेने काय, बदलला ना?

धाकटा: पाणी तापवायला कुणी लेझर विकत घेत नाही, वहिनी. दादाचं सगळं नाव त्या एका शब्दावर उभं आहे, उजेडाने.

वहिनी: गेलेल्या माणसाची चूक काढून काय मिळणार तुम्हाला?

धाकटा: माझे हात परत मिळतील. मी प्रत्येक स्लाइड रात्रभर निवू द्यायचो. तशीच पद्धत आहे, दादानेच शिकवली. कड्या येईनात, तर सगळ्यांदेखत म्हणायचा, याच्या हाताला गुण नाही. ताटावर बसलं तरी तेच. माझी पीएचडी गेली. आता क्लासात पोरांना आरशाची सूत्रं पाठ करून घेतो. दादाच्या स्लाइड कोण भरायचं?

वहिनी: मी.

धाकटा: निवू द्यायचात?

वहिनी: ह्यांना दम होता का कधी? भरली की आण, भरली की आण. बोटं भाजायची माझी.

धाकटा: आणि मी निवू देतो, हे दिसत नव्हतं तुम्हाला?

(वहिनी हॉटप्लेटच्या लाल दिव्याकडे बघत राहते.)

वहिनी: दिसत होतं.

धाकटा: केव्हापासून?

वहिनी: एकदा तुम्ही न जेवता उठून गेलात. त्या दिवशी डोक्यात आलं, आणि मी ह्यांना बोलले. म्हणाले, पेपर छापून आलाय, आता तोंड उघडू नकोस.

धाकटा: म्हणजे दादाला माहीत होतं. माहीत असून मला तसं बोलायचा.

वहिनी: माहीत झाल्यावरच जास्त बोलायला लागले.

धाकटा: उद्या सगळ्यांसमोर सांगतो.

वहिनी: सांगा की. कोण ऐकेल? ज्याच्या हातून कधी कडी उठली नाही, तो म्हणतोय कडी खोटी. कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणतील आणि चहा प्यायला जातील.

धाकटा: मग तुम्ही सांगा. तुमच्या हातच्या स्लाइड होत्या. तुमचं ऐकतील.

वहिनी: नवऱ्याला जाऊन वर्ष नाही झालं, भाऊजी. त्याच्याच पाटीखाली उभी राहून सांगू?

धाकटा: मी अजून आहे, वहिनी.

वहिनी: तुमचं वाईट नाही का वाटलं मला? वाढताना तुमच्याकडे बघवायचं नाही मला. पण ह्यांचं नाव गेलं तर माझ्याकडे काय उरतं, ते सांगा. मूल नाही, बाळ नाही. एवढी एक पाटी.

धाकटा: उशीर झाला. मी निघतो. हॉटप्लेट बंद करू?

वहिनी: राहू द्या चालू. उद्या स्लाइड गरमच लागेल.