तोटी वळेपर्यंत

माननीय अध्यक्षा श्रीमती लॉरिमर, व्यासपीठावरचे संचालक महाशय, आपले पाद्रीबाबा, खोऱ्यातल्या बंधुभगिनींनो, आणि आजचे सत्कारमूर्ती एनियस रॅट्रे, जे मी उभा राहिल्यापासून दोनदा दाराकडे जाऊन आले आहेत!

एनियस, बसा हो. निवृत्तीचं घड्याळ अजून द्यायचंय तुम्हाला.

मी फिनली टॉश, पिंपं बांधणारा. मी बोलायला लागलो की लोकांचा चहा निवतो, हे मला ठाऊक आहे. आज निवू द्या.

या भिंतीवर आपल्या व्हिस्कीचा इतिहास घडवणारी माणसं टांगली आहेत. मालक, मालकांचे चिरंजीव, मालकांचे जावई. बाईमाणूस एकच, क्रिश्चन गाऊ. परवाना नव्हता तेव्हा डोंगरात भट्टी लावायची, पण पहिली धार गिऱ्हाइकाला कधी दिली नाही. बाहेरचे लोक पहिल्या धारेच्या नावानं मिशा पिळतात. आमच्याकडे पहिली परत भट्टीत, शेवटचीही परत भट्टीत, फक्त मधली ठेवायची. पण मधली कुठून सुरू झाली, हे ठरवणाऱ्याची तसबीर कुठे आहे? संचालक महाशय, छताकडे काय बघताय?

कुलूपबंद काचेच्या पेटीतून धार बघायची. पाणी घातल्यावर गढूळ व्हायची थांबली की तोटी वळवायची, तिथून मधली सुरू. चाखायचं नाही. एनियसनी उभा जन्म हेच केलं.

मघाशी ते माझ्या कानाशी लागले.

“भट्टीवर कोण आहे रे?”

“इल्सा मकहार्डी.”

“एकटी? तिला फार घाई असते!”

“तुम्हाला नव्हती?”

हे मी मुद्दाम विचारलं. कारण त्यांनीच मला सांगितलंय, की त्यांच्या आधी भट्टीवर असलेले वॅटी गेडेस निवृत्त झाल्यावरही रोज मागे येऊन उभे राहायचे आणि खाकरायचे. खाकरले की एनियसचा हात तोटीवर जायचा. आपण धार बघून वळवतो की वॅटींच्या घशावर, हे यांना कितीतरी दिवस कळेना. झोप उडाली होती बिचाऱ्यांची.

एनियस, पुन्हा उठलात? पाद्रीबाबा, जरा धरा त्यांना.

आता सांगूनच टाकतो. सकाळी इल्सा माझ्याकडे आली होती. म्हणाली, “फिनलीकाका, भाषण लांबवा. ते येऊन मागे उभे राहिले, तर मी जन्मभर त्यांच्या खोकल्यावर तोटी वळवीन.” म्हणून क्रिश्चन गाऊ, म्हणून तसबिरी. मला इतिहासातलं काय कळतंय? मी मघापासून या खिडकीतून भट्टीचं दार बघतोय, आणि खरं सांगतो, माझाही जीव थाऱ्यावर नाही.

थांबा. दार उघडलं. बाहेर येऊन चहा पितेय. म्हणजे वळवली.

बरोबर वळवली का? मला विचारू नका. आजची धार पिंपात बारा वर्षं झोपेल. तेव्हा एनियस, तुम्ही ऐंशीचे असाल, किंवा नसाल. वॅटी तुमचं पहिलं पिंप उघडायच्या आधीच गेले. तुम्ही चांगले निघालात, हे त्यांना कधीच कळलं नाही.

अध्यक्षांचे, संचालकांचे आणि चहाबरोबरचे स्कोन भाजणाऱ्या सगळ्या भगिनींचे आभार. मुद्दाम लांबलो, त्याची सभेनं क्षमा करावी. एनियस, तुम्ही नाही केलीत तरी चालेल.