तोरू प्रत्येक दारात थांबतो

...आणि वर मलाच विचारतात, "सामात, किझार्तहून सोन-कुलला तीन दिवस? अरे, लोक दीड दिवसात पोचतात!" पोचतात ना! पोचू देत! त्यांच्या खाली घोडा असतो हो, माझ्या खाली तोरू होता! तोरू म्हणजे माझ्या सासऱ्यांचा तांबडा घोडा. वय वर्षं सतरा, आणि स्वभाव... स्वभाव थेट सासऱ्यांचा!

थांबा, आधी एक कबूल करतो. हसायचं नाही. मी किरगीझ आहे आणि मला घोड्यावर बसता येत नाही. हसलात ना? हसा! अहो, मी बिश्केकला लिफ्ट दुरुस्त करतो. नऊ मजले खाली काळोख, वर दोरखंड, मधे मी, हातात पाना, तोंडात गाणं. भीती? नाव नको! कारण तुम्हाला सांगतो, लिफ्टला बटण असतं. तीन दाबलं की तीनवर थांबते. घोड्याला कुठंय बटण? पण लग्नात सासऱ्यांनी, ओस्मोनाली आबांनी, विचारलं, "घोड्यावर बसता येतं ना?" आणि पस्तीस नातेवाईक माझ्याकडे टक लावून बघतायत, तर मी काय म्हणावं? "अहो आबा, मी पाळण्यात झोपलोच नाही, खोगिरातच वाढलो!" झालं! ही थाप मी आठ वर्षं निभावली. कधी कंबर धरली, कधी दात दुखला, एकदा तर म्हटलं वैद्यांनी मनाई केलीय.

आणि मग लेकीचा फोन. बेगायिम माझी, सहा वर्षांची, उन्हाळाभर आईबरोबर आजोबांच्या कुरणावर, सोन-कुल तळ्याच्या काठी. टेकडीवर चढून फोन केला पोरीनं, वाऱ्याचा नुसता घुंऽऽ आवाज. "बाबा, रविवारी दुपारी मला खोगिरात बसवणारेत!" आता आमच्यात पोर पहिल्यांदा खोगिरात बसतं ना, तेव्हा बाप पुढे घोड्यावर असतो, पोराच्या घोड्याची दोरी बापाच्या हातात, आणि सगळ्या भाऊबंदांच्या यर्टांवरून, म्हणजे आमच्या गोल तंबूंवरून, फिरवून आणतो. म्हटलं, "येतो ना राणी, मोटार काढतो." तर म्हणते, "मोटार नाही. घोड्यावरून ये. एल्दारचे बाबा मोटारीतून आले, मग त्याची दोरी मामानं धरली. एल्दार रडला. मी रडणार नाही, मी बसणारच नाही."

सांगा, यावर बापानं काय बोलायचं? दुसऱ्या दिवशी डोंगरापायथ्याच्या किझार्त गावी हजर!

आबा न्यायला आले होते. स्वतः काळ्या घोडीवर, माझ्यासाठी तोरू. कसाबसा चढलो, दोन्ही हातांनी लगाम असा आवळला की बोटं पांढरी. आबा शांतपणे म्हणाले, "लगाम सोडा जावईबापू, घोड्याला रस्ता ठाऊक आहे!"

ठाऊक आहे म्हणे! अर्ध्या तासानं लांब एक यर्ट दिसली, पांढऱ्या नमद्याची, धूर निघतोय, बाहेर घोड्या बांधलेल्या. छान दिसली हो, आपण बघावी आणि पुढे जावं. पण तोरू वळला! मी इकडे ओढतोय, तो तिकडे! थेट दारात जाऊन उभा राहिला आणि डोळे मिटले. आतून बाई आल्या, "या या, उतरा!" आता दारात आलेल्यानं भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय जायचं नाही, एवढं तर मला शहरातही शिकवलंय. उतरलो. भाकरी, लोणी, कुमिस. घोडीचं आंबवलेलं दूध ते, वाडगा रिकामा दिसला की भरतात! निघालो. पंधरा मिनिटांनी दुसरी यर्ट. तोरू वळला! तिसरी! चौथी! अहो, चाळीस वर्षांत माझ्या सासऱ्यांनी एक यर्ट चुकवली असेल तर शपथ, आणि हा घोडा त्यांच्या हाताखाली तयार झालेला! मी म्हटलं, "आबा, हा सगळीकडेच थांबतो का हो?" तर म्हणतात, "नाही नाही, जिथे माणसं राहतात तिथेच."

शुक्रवारी सात यर्टा झाल्या. सात वेळा उतरलो, सात वेळा चढलो, पोटात कुमिस डचमळतोय, आणि अंतर किती कापलं? मागे वळून बघितलं तर किझार्तची छपरं दिसत होती!

शनिवारी नदी आडवी आली. बर्फाचं वितळलेलं पाणी, खळाळ असा की स्वतःचं ओरडणं ऐकू येईना, आणि मी ओरडत होतो! तोरू काठावर थांबला. मी सगळी ताकद लावून सरळ ओढलं, हा हलेना. मागून आबा, "लगाम सोडा जावईबापू!" आणि तुम्हाला खरं सांगतो, धाडसानं नाही, हात गारठले म्हणून लगाम सुटला. तोरूनं मान खाली घातली, पाणी हुंगलं, वीस पावलं वर गेला, आणि तिरका उतरला. एक पाऊल टाकायचा, थांबायचा, पायाखालचा दगड हलतोय का बघायचा, मगच दुसरं. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं. पलीकडे चढून त्यानं अंग झाडलं. मी जिथे ओढत होतो ना, तिथून पाण्यात भली मोठी धोंड गडगडत गेली. आम्ही दोघांनीही पाहिली. मी गप्प बसलो, तोही गप्प बसला. त्याचा मोठेपणा!

त्या दिवशी गारा झोडपत होत्या, आणि संध्याकाळी ज्या यर्टेत शिरलो तिथल्या म्हातारबाईंनी, ओळख ना पाळख, माझे बूट ओढून काढले, पाय शेकोटीजवळ ठेवले, आणि विचारलं काय? "तुझी मेंढरं कशी आहेत?" म्हटलं, "माझ्याकडे लिफ्टा आहेत, आजी." म्हणाल्या, "बरं, त्या तरी धडधाकट आहेत ना?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! आठ वर्षं एकाच जिन्यात राहतो, समोरच्या दारातला माणूस मला नावानं ओळखत नाही.

आणि रविवार सकाळ! खिंड चढलो. शेवटचा चढ, मान खाली, तोरूचा घाम, माझा घाम, आणि एकदम माथा... आणि मी गप्प. मी! बायको म्हणते झोपेतही बोलतो, तो मी! खाली सोन-कुल. निळं म्हणू? पण मग निळा म्हणजे मी आजवर काय बघत होतो? एक झाड नाही, एक भिंत नाही, नुसतं गवत, गवत, गवत, पाण्यापर्यंत गेलेलं, पलीकडे बर्फाची रांग, आणि त्या एवढ्या अफाट मोकळ्या जागेत इथे-तिथे टिकली लावावी तशा यर्टा. हे माझं आहे? माझे आजोबा इथे मेंढरं चारायचे, आणि मी चाळीस वर्षं खिडकीतून पार्किंग बघतोय? आबांना म्हटलं, "आबा, हे... हे कुणी आधी का नाही सांगितलं?" म्हणाले, "सांगून काय दिसतं?"

पण सूर्य डोक्यावर! आणि आबांच्या यर्टेपर्यंत मधे किती? पाच यर्टा! म्हणजे पाचदा भाकरी, पाचदा कुमिस! दोन तास! माझी पोर तिथे हाताची घडी घालून उभी असणार, हट्टी, आईवर गेलीय. तोरू पहिल्या दाराकडे वळला आणि मी अक्षरशः हात जोडले, "ताई, माफ करा, लेक वाट बघतेय, उतरायला वेळ नाही!" ताई खदखदून हसल्या. "मग उतरायला सांगितलं कुणी, भाऊ?" आणि रिकिबीपाशी आल्या, भाकरीचा तुकडा हातात, वाडगा ओठाला, "जा!" झालं! एवढंच! घोड्यावर बसल्या बसल्या! अख्ख्या डोंगराला ठाऊक, घाई असली की खोगिरातच चाखायचं आणि निघायचं. ठाऊक नाही फक्त लिफ्टवाल्याला!

"आबा! अठरा वेळा उतरलो मी! सांगितलं का नाही?"

"तुम्ही उतरत होता. मला वाटलं, कुमिस आवडतो." मग घोडी जवळ आणून हळूच म्हणाले, "आणि अठरा वेळा उतरल्याशिवाय चढायला कसं येणार? लग्नात फोटोसाठी घोडा आणला होता, आठवतंय? घोड्यावर चढतात डावीकडून, तुम्ही उजवीकडून चढायला निघाला होता, जावईबापू. तेव्हाच कळलं."

आठ वर्षं! आठ वर्षं त्या माणसाला ठाऊक होतं आणि एका शब्दानं बोलला नाही! मला रडावं की तोंड लपवावं कळेना, म्हणून मी टाच मारली. आणि तोरू धावला! अहो, धावला! चार दारांत भाकरीचे चार तुकडे, चार घोट, शेवटचा तर अर्धा शर्टावर, आणि माझे हात? लगाम सैल! मीच ओरडत होतो, "घोड्याला रस्ता ठाऊक आहे!"

पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मटण गार झालेलं, वीस-पंचवीस माणसं उपाशी, आणि लाकडी खोगीर चढवलेल्या शिंगराजवळ माझी बेगायिम, हाताची घडी घालून. कुणालाही हात लावू देत नव्हती. मला बघितलं. मोटार कुठे दिसतेय का, म्हणून माझ्या मागे बघितलं. मग घडी सोडली आणि आजीला म्हणाली, "आता बसवा."

तिची दोरी माझ्या हातात दिली हो. तळ्याच्या काठानं तिला फिरवलं. मागे बघायची हिंमत होत नव्हती, आनंदानं पडलो असतो. इतका मोठा मी कधीच नव्हतो, नवव्या मजल्यावरसुद्धा नाही.

आणि मग आबा उठले. सगळ्यांसमोर तोरूचा लगाम माझ्या हातात ठेवला. "आजपासून हा तुमचा." भेट दिलेला घोडा आमच्यात नाकारता येत नाही. कानात म्हटलं, "आबा, चौथा मजला आहे हो माझा!" तर म्हणतात, "मग? लिफ्ट तुमच्याच हातात आहे ना?"

आता बेगायिम म्हणते, घरी तोरूवरूनच जायचं, मोटार नाही. ठीक आहे. डोंगरातल्या यर्टा धरा तीस, त्या निभावतील. पण पुढे बिश्केक लागतं हो! दारं किती आहेत तिथे, मोजलीयत कुणी? एकेका इमारतीला सहासहा जिने! पोरीची शाळा एक सप्टेंबरला उघडते, आज वीस जुलै... म्हणून म्हटलं, जेवण राहू द्या, आत्ताच निघतो.